दरीतलं स्टेशन

गावच्या हॉलचं छप्पर दुरुस्त करायचं होतं, त्यासाठी पैसे उभे करायला वेटनच्या लोकांनी एका रविवारी ट्रेझर हंट ठेवला होता. वेटन म्हणजे इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचं डोंगरमाथ्यावरचं गाव. चुनखडीच्या दगडांची घरं, एक चर्च, एक पब आणि भोवती दगडावर दगड रचून केलेल्या गडग्यांमागं चरणाऱ्या मेंढ्या. डर्बीहून आम्ही तिघं गेलो: मी, माझा लेक आणि उन्हाळ्यापुरते लातूरहून आलेले माझे वडील, अप्पा. हॉलच्या दारात एका आजीबाईंनी प्रश्नांचा कागद आणि पेन्सिल हातात दिली. प्रत्येक उत्तरातलं एक अक्षर घ्यायचं आणि शेवटी शब्द जुळवायचा.

गावातली उत्तरं लेकानं भराभर मिळवली. पुढची थॉर्स केव्हपाशी, मॅनिफोल्ड नदीच्या दरीवर डोळा वटारून बसलेल्या त्या प्रचंड गुहेपाशी होती. तिथून पायवाट झाडीतून सरळ खाली उतरते. चिखल होता, मुळं वर आलेली. अप्पा काठी टेकत, एकेक पाऊल जपून टाकत उतरले. खाली पोचलो तर नदीत पाणीच नाही! पांढरे गोटे आणि त्यांच्यामधून माजलेली हातभर रुंद पानं. कोरड्या दिवसांत ही नदी वेटन मिलजवळ जमिनीत शिरते आणि काही मैल भुयारातून वाहून पुन्हा वर येते. लेकाला हे इतकं आवडलं की तो गोट्यांना कान लावत फिरायला लागला.

पुढचा प्रश्न होता, "जिथे दुधाचे कॅन गाडीची वाट बघत, तिथे उभे राहा." पूल ओलांडला की डांबरी वाट लागते. सायकलवाले जात होते, एक बाई कुत्र्याला फिरवत होत्या. स्टेशन म्हणावं असं काही दिसेना. मी वाटेकडं बघत होते, पण अप्पांनी चार पावलं चालून सांगितलं, "अगं, ही वाट रुळांची आहे. चढ-उतार बघ किती हळू आहे, वळण बघ किती लांबवर घेतलंय." वाटेच्या कडेला जमीन जरा सपाट होती, गवत माजलेलं. थॉर्स केव्ह नावाचं स्टेशन होतं ते इथंच.

कागदाच्या पाठीवर या लाइनची माहिती छापली होती. लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे. वॉटरहाउसेस ते हल्म एंड, साधारण १३ किलोमीटर, रुळांमधलं अंतर अडीच फूट. सुरू १९०४, बंद १९३४. अप्पांनी चष्मा लावून वाचायला घेतलं आणि मध्येच थांबले.

"इंजिनिअर ई. आर. कॅलथ्रॉप! अगं, हा आपल्या बार्शी लाइट रेल्वेचा माणूस!"

अप्पांनी जन्मभर लातूरजवळच्या मुरुडला इतिहास शिकवला. पुढचा अर्धा तास ट्रेझर हंट बाजूला राहिला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेत नोकरीला होता. मुंबईहून जाणारी मोठी लाइन बार्शीला बगल देऊन गेली होती. कापसाची एवढी पेठ, वरून पंढरीचे वारकरी, आणि स्टेशन ३४ किलोमीटरवर, आजच्या कुर्डूवाडीला. कॅलथ्रॉपनं हिशेब मांडला: कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके, स्वस्त रूळ पुरतात. १८९७ मध्ये गाडी बार्शीला पोचली, पुढं पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला. तोच हिशेब घेऊन हा गृहस्थ या दरीत आला. इथली दोन्ही इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली, डोक्यावर हिंदुस्थानी धर्तीचे मोठे दिवे. त्यातल्या एकाचं नावच ई. आर. कॅलथ्रॉप. हिंदुस्थानात रुजवलेली गोष्ट विलायतेनं उचलली, असं सहसा कुणी सांगत नाही. मला ते त्या गवतात उभं राहून कळलं, याचा फार आनंद झाला.

मग एवढी चांगली लाइन तीसच वर्षांत का बंद पडली? उत्तर आम्हाला परतीच्या चढावर मिळालं. गावं बहुतेक वर माथ्यावर, स्टेशनं सगळी खाली दरीत. दुधाचे भरलेले कॅन गाडीला लावायला उतारच उतार, पण लीक शहराच्या बाजारातून सामान घेऊन आलेल्या बाईनं पावसात हा डोंगर चढायचा कसा? अप्पा दर वळणावर दगडावर बसत होते आणि म्हणत होते, "बरोबर आहे, मीसुद्धा लॉरीच बघितली असती." दुधाची लॉरी थेट गोठ्याच्या दारात यायला लागली आणि गाडी रिकामी पडली. कॅलथ्रॉपच्या हिशेबात चूक नव्हती. बार्शीला लोक गाडीसाठी खोळंबलेले होते, वारीत टपावर बसून जात होते. इथं गाडी लोकांसाठी खोळंबली.

तरी या लोकांचं मला मनापासून कौतुक वाटतं. लाइन बंद झाल्यावर जमीन विकून तुकडे पाडले नाहीत. १९३७ पासून ती सगळी वाट चालणाऱ्यांसाठी खुली आहे. आमच्या लातुरात नॅरोगेज गेल्यावर "जुनी रेल्वे लाइन" एवढा पत्ता उरला. रिक्षावाल्याला सांगितलं की तो बरोबर नेतो, पण तिथं काय होतं हे शाळेतल्या पोराला दाखवायला काही नाही. निदान एखादं स्टेशन, एखादा सिग्नल जागच्या जागी ठेवायला हवा होता, असं मला फार वाटतं.

हॉलवर पोचेपर्यंत चहाची वेळ झाली होती. लेकाचा शब्द जुळला होता, बक्षीस दुसऱ्याच मुलीला मिळालं होतं. अप्पा थेट आजीबाईंकडं गेले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत कॅलथ्रॉपची बार्शी त्यांना सांगू लागले. मी मध्ये भर घालत होते. आजीबाईंनी आमचाच कागद उलटा केला, पेन्सिल घेतली आणि स्टेशनांची नावं विचारली. अप्पांनी सावकाश सांगितली: कुर्डूवाडी, बार्शी, पांगरी, येडशी, तडवळे, ढोकी, मुरुड, लातूर. येडशीपाशी त्या दोनदा अडल्या, खोडून पुन्हा लिहिलं.

"तीही बंदच झाली असेल ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाही," अप्पा म्हणाले, "मोठे रूळ आलेत आता. रात्री मुंबईत बसा, सकाळी लातूरला उतरा."