चाक जमिनीवर राहावे म्हणून

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि जोडकाम करण्यात माझी चौतीस वर्षे गेली. धातूचा तुकडा हाती आला की त्याची खोड बोटांना कळते, असा माझा समज होता. त्या समजाची परीक्षा गेल्या दिवाळीनंतर एका सायकलीने घेतली.

कन्येने पहिल्या वर्षाच्या पगारातून डोंगरात चालवण्याची सायकल घ्यायचे ठरवले. तीही पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली. नवी परवडण्याजोगी नव्हती, म्हणून एका परिचितांची वापरलेली सायकल पसंतीच्या बोलीवर घरी आली. "बाबा, फ्रेम तुम्ही पारखून द्या. तुम्ही हो म्हणालात तरच घेईन," ती म्हणाली. या विश्वासाने मी सुखावलो, आणि अडचणीतही सापडलो. कॉलेजात असताना ती सायकलवरून पडून मनगट मोडून घेऊन आली होती. तो दिवस मी विसरलो नव्हतो. तिने पुन्हा दगडाधोंड्यांत जाऊ नये, हेच माझ्या मनात होते.

आपल्या नेहमीच्या सायकलीची फ्रेम एकसंध असते. हिची दोन भागांची. मागचे चाक धरणारे दोन हात पुढच्या चौकटीला बिजागरीसारखे बेअरिंगांवर जोडलेले, आणि दोहोंच्या मध्ये हवेच्या दाबावर चालणारा शॉक ॲब्सॉर्बर. मागचे चाक १४० मिलिमीटर वर उचलले जाते, तेव्हा शॉकचा दांडा ५० मिलिमीटर आत जातो.

रविवारी पहाटे आम्ही येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे निघालो. चढावर पायडल मारताना फ्रेम खालीवर डुलू लागली. आपले निम्मे श्रम हीच खाते आहे, असे वाटून मी पंपाने शॉकमध्ये हवा ठासून भरली. डुलणे थांबले. परंतु पायवाटेच्या उतारावर मागचे चाक प्रत्येक दगडावरून उडू लागले. चाकच हवेत, मग ब्रेक लावून उपयोग काय? एका वळणावर पाय टेकून कसाबसा सावरलो. खरे सांगायचे तर मनातून समाधानच वाटले. नकाराला कारण मिळाले होते.

कन्येने सायकल हाती घेतली. "बाबा, तुम्ही तिला लवूच दिले नाही," एवढेच म्हणाली. मग मी बसल्यावर दांड्यावरची रबरी कडी १५ मिलिमीटर सरकेल, इतपत तिने हवा सोडली. स्वार नुसता बसला की शॉक पंचवीस ते तीस टक्के दबावा, असा हिशेब आहे. म्हणूनच प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे दाब वेगळा ठेवावा लागतो. आधीच थोडे दबलेले असल्यामुळे खळगा आला की चाक खाली उतरते आणि जमीन धरते. दांडा किती वेगाने परतावा, तेही तिने एक खटका फिरवून बसवले. त्याच उतारावरून मी पुन्हा आलो. या वेळी चाक दगडांवरून वाहत गेल्यासारखे आले, आणि ब्रेकही लागला. सस्पेन्शन म्हणजे अंगाचे लाड, ही माझी समजूत त्या पायवाटेवर गळून पडली. ते असते चाक जमिनीवर राहावे म्हणून.

घरी येऊन मी मागचे चाक आडवे हलवून पाहिले. 'टक्' असा बारीक आवाज आला. मुख्य सांध्याचे बेअरिंग झिजले होते. ते बदलता येते. पण जवळच्या जोडावर केसाएवढी रेघ दिसली. फ्रेम ॲल्युमिनियमची. पोलाद ठरावीक मर्यादेखालचे ताण कितीही वेळा सोसते. ॲल्युमिनियमला तशी निश्चित मर्यादा नाही, लहान ताणही त्यात साठत जातात. "भेग आहे. नको," मी म्हणालो. तिने वाद घातला नाही. तिचा चेहरा मात्र उतरला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. भेग मी पाहिली होती, की मला ती दिसायलाच हवी होती? कारखान्यात शंकास्पद जोड आम्ही नुसत्या नजरेवर कधी बाद केला नव्हता. मग हाच का?

सकाळी मालकांची परवानगी घेऊन सायकल एका जुन्या सहकाऱ्याच्या कार्यशाळेत नेली. रुपयाएवढ्या जागेवरचा रंग काढला, जोड स्वच्छ केला, त्यावर लाल द्रव फवारला. पंधरा मिनिटांनी तो पुसून वर पांढरा थर दिला. भेग असती तर तीत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटला असता. आम्ही दोघे वाकून पाहत राहिलो. पांढरा थर पांढराच राहिला. ओरखडा केवळ रंगाचा होता.

संध्याकाळी मी कन्येला सारे सांगितले. रेघेचे, आणि माझ्या मनातल्या भीतीचेही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मनगटाचे तुम्ही अजून धरून बसला आहात, हे मला ठाऊक होते. म्हणूनच तुम्हाला विचारले."

बेअरिंगांचा खर्च किमतीतून वजा झाला आणि सायकल आमची झाली. आता दर रविवारी ती गडाकडे जाते. परत येईपर्यंत मी फाटकाकडे पाहत असतो. ती सवय काही जाणार नाही. परंतु निघताना तिला "जाऊ नकोस" म्हणत नाही. "हवा पाहिलीस का?" एवढेच विचारतो.