मेंढा गावचे रान

दिवाळी आठवड्यावर आली की शाळकरी मुले असलेल्या घरात एक जिन्नस हमखास येतो. आकाशकंदिलासाठी बांबूच्या काड्या! तयार कंदिलांनी हल्ली दुकाने ओसंडतात हे खरे. पण हौशी काका-मामा जेथे आहेत, तेथे अजूनही खळ, पतंगी कागद आणि काड्या यांचा पसारा मांडला जातो. त्या काड्या आपण बुरूड आळीतून आणतो आणि बांबू जणू बुरूड आळीतच उगवतो अशा समजुतीने घरी येतो.

आता एक प्रश्न विचारतो. बांबू हे झाड की गवत? वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी चटकन सांगेल, गवत. ऊस, भात, दूर्वा यांच्याच गोतावळ्यातले, फक्त जरा उंच वाढलेले. आपल्या कायद्याला मात्र हे मान्य नव्हते. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडांच्या पंगतीत बसवले आणि तेथून तो पुढची नव्वद वर्षे उठला नाही. यात हसण्यासारखे बरेच असले, तरी हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. झाड म्हटले की ते इमारती लाकडाच्या वर्गात गेले आणि सरकारचे झाले. गवत म्हटले असते, तर ते मध, डिंक, मोहफुले यांच्याबरोबर ‘गौण वनोपज’ ठरले असते आणि रानात राहणाऱ्या माणसाला त्यावर हक्क सांगता आला असता. एका शब्दापायी किती चुली अडून राहतात हे पुण्यात बसून समजत नाही. ते समजून घ्यावे म्हणून गेल्या मार्गशीर्षात मी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा या गावी जाऊन आलो.

नागपूरहून निघालेली एस. टी. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी अशी मजल-दरमजल करीत वैनगंगेच्या पुलावर आली की प्रवाशाने खिडकीशी सरकून बसावे. नदीचे पात्र विस्तीर्ण, पाणी संथ, आणि पलीकडे गडचिरोली जिल्हा. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा आपल्या राज्याच्या पूर्व टोकाला आहे आणि त्याची तीन-चतुर्थांश भूमी जंगलाखाली आहे. माझा भाचा गडचिरोलीत शिक्षक आहे. रात्र त्याच्याकडे काढून सकाळी आम्ही धानोऱ्याची गाडी धरली. तीसेक किलोमीटरवर लेखा हे गाव लागते आणि त्याला लागूनच मेंढा. म्हणून बाहेरची मंडळी दोन्ही नावे जोडून ‘मेंढा-लेखा’ असेच म्हणतात. जवळून कठाणी नदी वाहते. वस्ती पाचशेच्या आसपास, बहुतेक सारी गोंड. अंगणे शेणाने सारवलेली, कुडांना बांबूच्या ताट्या, आणि गावापलीकडे साग, ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह यांचे रान. त्या रानात जागोजाग मानवेल जातीच्या बांबूची बेटे.

या रानाची मालकी कागदावर किती वेळा फिरली ते पाहिले की डोके गरगरते. एके काळी ते जमीनदारीत होते. गावकरी आपल्या घरापुरते लाकूड-बांबू आणीत. त्याला ‘निस्तार’ म्हणत. स्वातंत्र्यानंतर जमीनदाऱ्या गेल्या, ही गोष्ट चांगलीच झाली. पण रान सरकारजमा झाले आणि निस्ताराचा हक्क हळूहळू आकसला. आजोबांनी ज्या रानातून घराचे वासे आणले, त्याच रानात नातू चोर ठरू लागला. उलट, दूरच्या कागद गिरण्यांना मात्र सरकार दीर्घ मुदतीच्या करारांनी बांबू देत असे. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाची एक-तृतीयांश भूमी वनाखाली असावी असे ठरवले. उद्देश उत्तमच होता. पण रानाशेजारच्या गावाच्या गरजा राष्ट्रहिताच्या आड येऊ नयेत असेही तिने बजावले. जणू काही ते गाव राष्ट्राबाहेर होते! १९८८ च्या नव्या वननीतीने हा सूर बदलला. वनोपजावर पहिला अधिकार रानात व रानालगत राहणाऱ्यांच्या गरजांचा, आणि उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून पिकवून घ्यावा, असे ती सांगते. पण कागदावरचा सूर रानात ऐकू यायला आणखी दोन तपे जावी लागली.

मेंढा गाव या काळात स्वस्थ बसले नव्हते. देवाजी तोफा हे गावचे पुढारी आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे जुने सोबती. मोहनभाऊ २०२५ च्या जानेवारीत गेले. गावाने एक पद्धत घालून घेतली. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने व्हायचा. एक माणूस जरी ‘नाही’ म्हणाला, तरी विषय पुढल्या बैठकीवर. आणि निर्णयाआधी अभ्यास. त्यासाठी अभ्यास गट. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा सर्वांना ठाऊक आहे. ती नुसती ऐकली तर बंडाची वाटते. गावात चार तास बसले की कळते, ती जबाबदारीची आहे. सरकार व्हायचे म्हणजे आपल्याच भावाला कुऱ्हाड खाली ठेव म्हणायचे.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली त्याच्या प्रस्तावनेतच आहे. त्या कायद्याने बांबूचे नाव घेऊन त्याला गौण वनोपजात बसवले आणि गावाला सामूहिक वनहक्क मागण्याची वाट दिली. २००९ साली मेंढा आणि शेजारचे मारदा या गावांना तो मिळाला. देशातली ही पहिली गावे. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर रान आले.

आता गंमत पाहा. हक्क मिळाला, बांबू आपला झाला. पण तो विकून गाडीत भरायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या कपाटात. पेटी तुमची, पण किल्ली आमची, असा हा व्यवहार. वन कायद्यात बांबू अजून झाडच होता ना! दीड-दोन वर्षे ही ओढाताण चालली. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढा गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पुढे २०१७ साली १९२७ च्या कायद्यातील व्याख्येतूनही बांबू वगळण्यात आला, पण तो रानाबाहेर लावलेल्या बांबूपुरता.

हा सारा इतिहास मला पुस्तकांतून ठाऊक होता. रान कसे राखतात, हे मात्र दाखवले एका वृद्ध गृहस्थांनी. भाचा त्यांना काका म्हणतो, म्हणून मीही काकाच म्हणू लागलो; वयाने ते माझ्याहून फार मोठे नसावेत. हातात कोयता, पायात साध्या चपला. एका बेटाशी थांबून त्यांनी विचारले, ‘‘भाऊ, यातला कोणता कापाल?’’

मी सर्वांत हिरवागार, सरळसोट बांबू दाखवला. काका हसले. ‘‘तो तर यंदाचा लेकरू आहे जी!’’

मग त्यांनी समजावले ते असे. पावसाळ्यात जमिनीतून कोंब वर येतात. त्यांना इकडे वास्ते म्हणतात, त्यांची भाजी होते. कोंब काही महिन्यांतच पुरी उंची गाठतो. पण त्याला घट्टपणा यायला पुढची दोन-तीन वर्षे लागतात. तोडायचा तो जुना झालेला. कोवळे ठेवायचे, कारण नव्या कोंबांना बळ त्यांच्याकडून मिळते. तोडही जमिनीलगत, पेराच्या वर. उंच खुंट ठेवला तर माल वाया जातो आणि पुढल्या वर्षी आत हात घालता येत नाही. पावसाळ्यात तोड बंद. बेट सबंध साफ करायचे नाही. एवढी ही शिस्त! वनखात्याच्या पुस्तकांतही थोड्याफार फरकाने हेच नियम आहेत. मग ठेकेदाराच्या तोडीत ते का पाळले जात नाहीत?

‘‘त्याले टनाचा हिशेब,’’ काका म्हणाले. ‘‘यंदा इथं, पुढल्या साली दुसरीकडं. आम्ही कुठं जाऊ?’’

आपल्या माधव गाडगीळांनी सत्तरीच्या दशकात कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील बांबूचा असाच शोध घेतला होता. बांबू गावकऱ्यांमुळे संपतो, असे त्या वेळी वरिष्ठ मंडळी म्हणत. गाडगीळांना आढळले ते निराळेच. तेथील काटेरी जातीच्या बेटांच्या बुडाची काट्यांची जाळी ‘स्वच्छता’ म्हणून काढली जात होती, आणि मग कोवळे कोंब जनावरांच्या तोंडी पडत होते. ही जाळी काढू नये, हे गावच्या माणसाला आधीपासून ठाऊक होते. पण त्याला विचारले कोणी?

असे असले तरी गावकरी म्हणजे साधुसंत असे चित्र रंगवून मी वाचकांची फसवणूक करणार नाही. परवाना मिळाल्यावर ग्रामसभेच्या खात्यात लाखो रुपये आले, आणि पैसा आला की खरी परीक्षा सुरू होते. चावडीवर एका तरुणाशी बोलणे झाले. बारावी झालेला, मोटारसायकलीची हौस असलेला. तो म्हणाला, ‘‘सर, व्यापारी म्हणते, आणखी द्या, भाव वाढवून देतो. माझ्या बहिणीचं कॉलेज आहे. पण बैठकीत म्हातारे ‘नाही’ म्हणतात.’’ त्याच्या स्वरात राग होता आणि तो राग मला खोटा वाटला नाही. बहिणीचे शिक्षण ही काय चैन आहे? काकांना मी हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘खरं आहे त्याचं. म्हणून तर बैठक मोठी होते. कधी रात्र निघून जाते.’’

मला वाटते, वननीतीचा सारा पेच या दोन वाक्यांत आहे. रान राखणे म्हणजे रानाला हात न लावणे नव्हे, आणि रान गावाच्या स्वाधीन करून मोकळे होणे म्हणजेही नव्हे. दर वर्षी कुणाची तरी रास्त गरज उभी राहते आणि दर वर्षी ती रानाच्या कुवतीशी ताडून पाहावी लागते. हा हिशेब मुंबईच्या कचेरीत बसून होत नाही. कारण अधिकाऱ्याची बदली ठरलेली आणि गिरणीला दुसरे रान मिळण्याची आशा. ज्याला तेथेच राहायचे आहे, त्यालाच रात्र जागवून भांडण्याची गरज वाटते. गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. सगळ्यांनाच हे साधले आहे असे नाही. ठेकेदाराला रान सोपवून गाव मोकळे झाल्याच्या गोष्टीही माझ्या कानावर आल्या. त्या गावांना हक्काचा कागद मिळाला. पण हिशेब ठेवायला, आराखडा करायला, व्यापाऱ्याशी बोलणी करायला शिकवणारा सोबती मिळाला नाही. मेंढ्याला ते शिकायला पंचवीस-तीस वर्षे मिळाली होती. शासनाने पुढे काही करायचे असेल तर ते या शिकवण्यात आहे. आणि वनखात्याजवळ शास्त्र आहे, नकाशे आहेत, वणव्याच्या वेळी लागणारी माणसे आहेत. पहारेकऱ्याऐवजी सल्लागाराची खुर्ची घेतली तर त्याचा मान उणा होणार नाही, वाढेलच.

कोणाला मेंढ्याला जावेसे वाटले तर मार्गशीर्ष ते माघ हे दिवस बरे. थंडी सुखाची असते, बांबूची तोडही पाहायला मिळते. चैत्रात गेलात तर मोहफुलांचा वास आणि उन्हाची तिरीप, दोन्ही सोसावे लागेल. गाव प्रेक्षणीय स्थळ नव्हे, लोक आपल्या कामात असतात. तेव्हा आधी विचारून जावे, वेळ हाताशी ठेवून जावे. आणि बैठकीला बसू दिले तर घड्याळ खिशात ठेवावे.