जुळ्या कोकरांचं फलटण

पुण्याहून फलटणला जाणारी एस.टी. सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद अशी गावं घेत जाते. जेजुरीचा गड दिसला की गाडीतल्या बायकांचे हात आपसूक जोडले जातात. खंडोबाची दुसरी बायको बाणाई धनगराची लेक, आणि इथून पुढचा मुलूखही धनगरांचाच. एकीकडे कॅनॉलवरचा ऊस, दुसरीकडे कुसळांचे माळ. रस्त्याच्या कडेनं मेंढरं चाललेली असतात, मागून घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड. त्या बिऱ्हाडात भांडीकुंडी, कोंबड्या आणि कालपरवाच जन्मलेली कोकरंही असतात!

फलटण म्हणजे सईबाईंचं माहेर. तिथलं राममंदिर, निंबाळकरांचा वाडा जरूर पाहा. पण मला सांगायचंय ते लोणंद रस्त्यावरच्या तांबमाळाविषयी. तिथे १९६८ साली बनबिहारी निंबकरांनी स्थापन केलेली निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई कर्वे या त्यांच्या सासूबाई. संस्थेतल्या मेंढ्यांच्या कामाची धुरा वाहिली ती इरावतीबाईंच्या नातीनं, डॉ. चंदा निंबकर यांनी.

आपली दख्खनी मेंढी काटक, मैलोन् मैल चालणारी. पण पाच महिने पोटात वाढवून देते एकच कोकरू. याउलट बंगालच्या सुंदरबनातली गारोल मेंढी चणीनं अगदी लहान, पण जुळी-तिळी सहज देणारी. १७९२-९३च्या सुमारास कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियात गेल्या. तिथल्या बुरुला मेंढ्यांत जुळ्यांचा हा गुण आला, तो त्यांच्याकडूनच असं मानतात. २००१ साली त्यामागचं नेमकं जनुक सापडलं. फलटणकरांनी गारोलचा तो गुण दख्खनी मेंढीत आणला, आणि तिचा बांधा मात्र राखला. तिचं नाव ‘नारी सुवर्णा’. मेंढीत जनुक उतरलंय की नाही, हे रक्ताच्या तपासणीनं कळतं. त्या कामी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची मदत झाली. आईबापांपैकी एकाकडूनच जनुक आलं, तर शंभर मेंढ्यांमागे दीडशेच्या आसपास कोकरं होतात. दोघांकडून आलं की तिळ्यांचं प्रमाण वाढतं आणि कोकरं नाजूक निपजतात. तेव्हा हाव नको, एकाकडून आलेलंच बरं!

पण कोकरं जन्मली म्हणजे झालं का? आपल्याला हे वेगळं सांगायला नको. जुळ्यातलं प्रत्येक कोकरू एकट्या कोकरापेक्षा वजनानं कमी असतं. ओल्या अंगानं थंडीत पडलं की लगेच गारठतं. त्याला आईनं चाटून कोरडं करावं लागतं आणि पहिल्या काही तासांतच चीक पोटात जावा लागतो. आपण खरवस करतो तोच चीक, पण कोकराला तो औषधाच्या जागी. रोगाशी झगडायची ताकद त्यातूनच मिळते. मेंढी चाटता चाटता पिल्लाचा वास ओळखून ठेवते. तेवढ्यात कळप पुढे निघाला आणि ती पहिल्यालाच घेऊन चालू लागली, तर धाकटं मागे राहतं. वास न पटलेल्या पिल्लाला ती मग कासेला येऊ देत नाही. आणि कासेत दूधही दोघांना पुरेल इतकं हवं. म्हणून संस्थेनं दुधाला चांगल्या अशा अवासी जातीचाही संकर केला. व्यायच्या आधीपासून मेंढीला पेंड, मका असा खुराकही लागतो. गरोदर बाईचं जे, तेच तिचं.

जुळं झालं की घरधन्याचा हिशेब लोणंदच्या बाजारात वाढतो; काम मात्र वाड्यावरच्या बाईचं वाढतं. धनगर मेंढरं घेऊन दिवसभर रानात. कोकरं जाळीत कोंडायची, ऊन लागू द्यायचं नाही, अशक्त असेल त्याला शेळीचं दूध पाजायचं, हे सगळं तिच्याच गळ्यात. अशा मेंढ्या कळपात घेताना तिचा होकार आधी घ्यावा, असं मला तरी वाटतं.

तिकडे गेलात, तर संध्याकाळी कळप परतायच्या वेळी एखाद्या वाड्याजवळ थांबा. जाळी उघडली की सगळी कोकरं एकदम सुटतात, नुसता कालवा! आपल्याला सगळी सारखीच दिसतात. पण कुठलं कुणाचं हे त्या बाईला नेमकं ठाऊक असतं. जिनं धाकट्याला झिडकारलंय ती मेंढी ती बरोबर हेरते, तिचा मागचा पाय धरते आणि दुसऱ्या हातानं त्या पिल्लाचं तोंड कासेला लावते. त्याचं पोट भरेपर्यंत ती उठत नाही, चुलीवरचं कालवण उतू गेलं तरी.