छंद : वाचन, लेखन, बागकाम

लग्नाच्या बायोडेटात 'छंद' नावाचा एक रकाना असतो. उंची, रास, नाडी, गोत्र, शिक्षण, पगार या सगळ्यांची दोन्हीकडून कसून तपासणी होते, पण या रकान्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. माझ्या बायोडेटात तिथे तीन शब्द होते : वाचन, लेखन, बागकाम. पहिले दोन माझे. तिसरा मामीने घातला. "नुसतं वाचन-लेखन लिहिलं की मुलीचं घरात लक्ष नाही असं वाटतं गं," असं तिचं म्हणणं. तेव्हा माझ्या नावावर झाड म्हणून पाण्याच्या बाटलीत वाढणारा एक मनीप्लांट तेवढा होता.

लग्न होऊन नागपूरची मी इंदूरला आले त्याला आता चार वर्षं होतील. घरात आई-बाबा म्हणजे माझे सासू-सासरे, नवरा, अडीच वर्षांची लेक आणि मी. खोल्या तीन. वर गच्ची. बी.ए. इंग्रजी केलेल्या मुली पुढे जे करतात तेच मीही करते, कंटेंट रायटिंग. म्हणजे घरी बसून लॅपटॉपवर दुसऱ्यांसाठी इंग्रजीत लिहायचं. गाद्या, वॉटर प्युरिफायर, दातांचे दवाखाने, 'घरात लावा ही दहा झाडं'. दिवसाला 2000 शब्द होतात. पोरगी झोपली की काम, उठली की पोरगी. त्यात आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे पाण्याचा दिवस आणि बिनपाण्याचा दिवस असे घराचे दोनच वार. तुमच्याकडे नळाच्या जागी दुसरं काही असेल, पण वेळापत्रक साधारण असंच असणार. म्हणून त्याबद्दल जास्त सांगत बसत नाही.

सांगायचं आहे ते वेगळंच. घरात राहून हे तिन्ही छंद सांभाळायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिघांची इज्जत सारखी नाही.

बागकामाला मान आहे. हातात खुरपं आणि पदराला माती असली की बाई कामात आहे असं धरलं जातं. तिला कुणी हाक मारत नाही. शिवाय बागेतून घरात काहीतरी येतं. फोडणीला कढीपत्ता, चहाला गवती चहा, देवाला चार जास्वंदी. वाचनाला अर्धाच मान. पुस्तक घेऊन बसलेली बाई म्हणजे रिकामी बाई, तिला सहज म्हणता येतं, "बसलीच आहेस तर एवढे मटार सोल." आणि लिहिण्याला तर काहीच नाही. लांबून बघणाऱ्याला ते मोबाइलवर बोटं फिरवण्यासारखंच दिसतं. ऑफिसचं लिहीत असले की सगळे हळू बोलतात, टीव्हीचा आवाज कमी होतो. स्वतःची गोष्ट लिहीत असले, तर तोच लॅपटॉप, तीच मी, पण "अगं, जरा कुकर बघ." घरातली माणसं वाईट नाहीत हो. ज्या कामाचा पैसा किंवा भाजी होत नाही ते काम म्हणून डोळ्यांना दिसतच नाही, इतकंच. माझ्या स्वतःच्या आईलाही दिसत नाही.

मग मी काय केलं असेल? बागेच्या आडून बाकीचे दोन सुरू केले. संध्याकाळी सहा ते सात मी गच्चीवर झाडांना पाणी घालायला जाते. पंचवीस कुंड्यांना पाणी घालायला वीस मिनिटं लागतात. उरलेल्या चाळीस मिनिटांचा हिशेब बराच काळ कुणी मागितला नव्हता.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आम्ही व्हर्जिनिया वुल्फचं 'अ रूम ऑफ वन्स ओन' वाचलं होतं. 1929 सालचं. लिहिणाऱ्या बाईला वर्षाला 500 पौंड आणि कुलूप लावता येईल अशी स्वतःची खोली हवी, हे त्यातलं म्हणणं. परीक्षेत त्यावर मी चांगले मार्क मिळवले. आता वाटतं, तिला आमची तीन खोल्यांत पाच माणसं दाखवायला हवी होती. पैसे मी कमावते, पण ते खात्यात येतात आणि हप्त्यात जातात. कुलूप म्हणाल तर आमच्याकडे फक्त बाथरूमच्या दाराला कडी आहे, आणि तीही लेक बाहेरून वाजवते.

मला जास्त जवळची वाटते ती राससुंदरी देवी. कॉलेजात कुणी शिकवली नाही, नंतर एका लेखात सापडली. एकोणिसाव्या शतकातल्या बंगालमधली सून, मोठं खटलं, बारा बाळंतपणं. बाईने वाचायचं नाही असा तो काळ. चैतन्य भागवत वाचायची तिला ओढ लागली. तिने त्या पोथीचं एक पान काढून घेतलं, मुलगा अक्षरं गिरवायचा तेही एक पान मिळवलं, आणि स्वयंपाकघरात लपवून, स्वयंपाक करता करता एकेक अक्षर जुळवून ती वाचायला शिकली. पुढे तिने स्वतःची कहाणी लिहिली, 'आमार जीबन'. ती 1876 साली छापली गेली आणि बंगालीतलं पहिलं आत्मचरित्र म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिला खोली मिळाली नव्हती. तिने चूल निवडली, कारण तिथे तिच्यावर संशय घेणारं कुणी नव्हतं. माझ्या कुंड्यांचं तेच.

अमेरिकेतली लेखिका अॅलिस वॉकर हिने 1974 मध्ये एक निबंध लिहिला, आपल्या आईच्या बागेबद्दल. शेतमजुरी करणारी, आठ मुलं वाढवणारी ती आई कामाला जायच्या आधी आणि कामावरून आल्यावर अंधार पडेपर्यंत फुलझाडांत असायची. त्या बाईची कला तिथे होती, असं लेकीला पुढे उमगलं. तो वाचल्यावर मी गच्चीवरच्या जुन्या कुंड्यांकडे नीट बघितलं. ही बाग मी लावलेली नाही. मोगरा, तुळस, कढीपत्ता, सदाफुली हे सगळं माझ्या आधीपासून आहे, सासूबाईंचं. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांचं जिना चढणं बंद झालं आणि कुंड्या माझ्याकडे आल्या. त्या वर येत नाहीत, पण खालून विचारतात, "मोगऱ्याची छाटणी केलीस का? जानेवारी संपत आला." मोगरा थंडी सरताना छाटला की उन्हाळ्यात नव्या फुटींवर कळ्या धरतो, हे ज्ञान मला 'घरात लावा ही दहा झाडं' लिहिताना कुठेच मिळालं नव्हतं.

बाग हे धावपळीच्या घरासाठी चांगलं काम आहे, कारण ते तुकड्यातुकड्यांत होतं. मेथीचंच बघा. रात्री दाणे भिजत घाला, सकाळी पसरट ट्रेमध्ये पसरून वर मातीचा पातळ थर द्या. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, थंडीत तीन-चार आठवड्यांत एका वेळची भाजी निघते. त्यात तुमची खरी मेहनत दहा मिनिटांची. माळव्याची काळी माती मात्र कुंडीत नुसती घालू नका. ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की दगड होते. मी तिच्यात वाळू आणि घरचं खत मिसळते. आमच्या इंदुरात ओला आणि सुका कचरा वेगळा करायची सवय घराघरांत मुरली आहे, सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते. आम्ही भाज्यांची देठं-सालं तिला न देता गच्चीवरच्या भोकं पाडलेल्या बादलीत टाकतो. ओल्या थरावर वाळलेल्या पानांचा थर, नाहीतर वास सुटतो आणि खालचे शेजारी वर येतात. दोन-तीन महिन्यांत खत तयार. जास्वंदीवर पांढरा कापूस चिकटल्यासारखी कीड दिसली, तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घालून ऊन उतरल्यावर फवारा. एकदा करून कीड जात नाही, आठवड्याने पुन्हा करावं लागतं.

वाचनही असंच तुकड्यांत होतं. रोज दहा पानं वाचली तर महिन्याला तीनशे पानांचं पुस्तक संपतं. लेकीला झोपवताना एका हाताने मोबाइल धरून मी वर्षभरात जेवढं वाचलं, तेवढं होस्टेलमध्ये अख्खी दुपार मोकळी असतानाही वाचलं नव्हतं.

लिहिणं मात्र तुकड्यांत जमत नाही. निदान मला जमत नाही. मेथी मध्येच सोडून खाली गेलं तरी ती उगवत राहते, गोष्ट राहत नाही. दोन वाक्यांच्या मध्ये कुणी "चहा टाकतेस का?" विचारलं की गोष्टीतलं माणूस उठून निघून जातं आणि दुसऱ्या दिवशी ओळख देत नाही. त्यामुळे ती चाळीस मिनिटं मला लागतात, तीही सलग. मोबाइलवर मराठीत बोलून टाइप करायची सोय आहे, ती मी वापरते. झाडांमधून फेऱ्या मारत गोष्ट बोलत जायची. समोरच्या भाभींनी एकदा सासूबाईंना विचारलं होतं, "बहू रोज शाम को किससे बात करती है?"

या पावसाळ्यात एक प्रसंग आला. मी ज्यांच्यासाठी लिहिते तिथून एक जादा काम आलं. रोज संध्याकाळी सहा ते सात, परदेशी ग्राहकाचं, त्यामुळे वेळ बदलता येणार नाही. महिन्याला 6000 रुपये जास्त. रात्री जेवताना मी ते सगळ्यांना सांगितलं. लेकीची प्ले-स्कूलची फी भरायची होती, वॉशिंग मशीन गेली दोन वर्षं पाण्याऐवजी आवाज जास्त करत होती. नवरा म्हणाला, "घे ना मग. एक तासाचाच तर प्रश्न आहे." बाबा म्हणाले, "झाडांना मी पाणी घालीन." दोघांनीही अगदी मनापासून म्हटलं.

मी गप्प बसले. काय सांगणार होते? त्या तासात माझी एक गोष्ट अर्धी झालेली आहे, जिचे मला कुणी शून्य रुपये देणार आहे? नागपूरच्या एका वाड्यातल्या विहिरीची, मराठीतली गोष्ट, जी माझी स्वतःची लेक मोठी होऊन वाचू शकेल की नाही याचीही खात्री नाही, कारण ती आताच "मम्मा, पानी दो" म्हणते?

आमटी वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, "त्या वेळेला ती वर लिहिते."

"लिहिते?" नवरा म्हणाला. "मला वाटलं..."

"पाण्याला एवढा वेळ लागतो होय रे? पंधरा वर्षं मी घातलंय पाणी." आणि माझ्याकडे बघून, "भात घे. पैशाचं तुम्ही दोघं काय ते ठरवा. पण झाडांचं नाव सांगून ठरवू नका."

त्यांना किती दिवसांपासून माहीत होतं, हे मी विचारलं नाही. त्या पंधरा वर्षांत त्या वर काय करायच्या, तेही अजून विचारलेलं नाही. एवढं मात्र कळलं, की संध्याकाळी सहाला लेकीला घेऊन कोपऱ्यावरच्या मंदिरात जायची त्यांची नेमकी वेळ ही भक्तीची तेवढी नव्हती.

ते काम मी घेतलं नाही. नवऱ्याला ते दोन दिवस पटलं नव्हतं, तिसऱ्या दिवशी त्याने निम्म्या किमतीत मशीनचा बेल्ट बदलणारा माणूस शोधून आणला. आवाज थोडा कमी झाला आहे. 6000 मी अजून अधूनमधून मोजते, विशेषतः महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर. तुमच्यापैकी कुणी अशा वेळी काम घेतलं असेल, तर तेही मला पूर्ण समजतं. हप्ते कुणाला चुकले आहेत? आता मी वर जाताना "झाडांना पाणी घालून येते" म्हणत नाही. "लिहायला जातेय" म्हणते. पहिल्या दिवशी ते म्हणताना उगाच लाजल्यासारखं झालं होतं. कुकरची हाक अजून येते, पण आधीच्या चारवरून एकावर आली आहे. पाणी खरंच बाबा घालतात. तुळशीला जरा जास्तच होतं, पण त्यांना सांगायला जीव होत नाही.

विहिरीची गोष्ट दिवाळीच्या आधी पूर्ण झाली. सासूबाईंच्या मोबाइलवर पाठवली. अक्षर मोठं करून दिलं, चष्मा शोधून दिला आणि मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. अर्ध्या तासाने त्या आत आल्या, कढीपत्त्याची डहाळी धुऊन ओट्यावर ठेवली.

"चांगली आहे," म्हणाल्या. "विहीर डोळ्यांसमोर आली. पण त्यातली सासू फार बोलते. जरा कमी कर तिला."

तेव्हापासून ती गोष्ट तीनदा तपासून झाली आहे. दोन परिच्छेद काढले, शेवट बदलला. सासूचं एकही वाक्य काढलेलं नाही.