छऱ्यांचा डबा

आज पिकाचं नाही, पण मातीचंच लिहितोय.

2024 च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला कांस्यपदक जिंकलं. तेव्हापासून आमच्या कोल्हापूर भागातली पोरं रायफलच्या मागं लागलीत. आमची थोरली त्यातलीच. 10 मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलीमीटरचा. रोज सराव नसला तर तिथं काही खरं नाही. सरावाचं केंद्र लांब, म्हणून घरच्या पडवीतच सोय करायची ठरली.

आधी कागदावर हिशोब मांडला. 4.5 एमएमचा शिशाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. एका मॅचला 60 नेम. आठवड्यातले पाच दिवस धरले तर 300 छर्रे, म्हणजे 150 ग्रॅम. वर्षाचे 50 आठवडे धरा: साडेसात किलो शिसं!

पडवीच्या टोकाला जांभ्याची भिंत. तिच्या बुडाला आईच्या कोंबड्या उकरतात, चार पावलांवर कोथिंबिरीचा वाफा. कोंबडीला दात नाहीत. ती खडे गिळते आणि पोटात त्या खड्यांनी दाणे दळते. छर्रा तिला खडाच वाटणार. तो घासला की शिसं रक्तात, तिथून अंड्यात, आणि अंडं आपल्याच पोरांच्या ताटात. मातीत पडलेलं शिसं कुजत नाही. त्यात आमची तांबडी माती आम्लधर्मी, अशा मातीत ते पिकाला जास्त लागू होतं. आई म्हणाली, "पोरीला अडवू नगंस, पण माझ्या कोंबड्यांचं बघ."

म्हणून हा डबा केला. 15 किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आडवा ठेवला आणि समोरची बाजू कापली. कापलेल्या कडा आत वळवून ठोकल्या. आत 4 एमएम लोखंडी प्लेटचा तुकडा 45 अंशात वेल्डिंग करून बसवला. वरची कड नेमबाजाकडं, खालची कड मागं. छर्रा प्लेटवर आपटला की सरळ खाली जातो. तळात चार बोटं कोरडी, चाळलेली वाळू. तोंडावर जाड पुठ्ठा, त्यावर टार्गेटचा कागद. उडालेले कपचे पुठ्ठा अडवतो. ठिपका जमिनीपासून 1.4 मीटरवर येईल असा डबा घट्ट बांधला. पुठ्ठ्याची मधली जागा फाटली की लगेच बदलायचा.

प्लेट उभी सरळ लावू नका, छर्रा उलटा येतो. स्टीलच्या गोळ्या तर या डब्यात मारूच नका, त्या फार उसळतात. डोळ्याला चष्मा हवाच, बघणाऱ्यालाही. डब्यामागं पक्की भिंत पाहिजे आणि त्या बाजूला माणूस-जनावर यायची वाट बंद. पाखरांवर नेम धरायचा नाही, हे लेकीला पहिल्याच दिवशी सांगितलं.

दर रविवारी डबा मोकळा करतो. हातात मोजे, तोंडाला फडकं, वाळूवर थोडं पाणी शिंपडून, म्हणजे धूळ उडत नाही. छर्रे चाळून, धुऊन, सुकवून वजन करतो. औषधं मोजायचा काटा आहे, स्वयंपाकघरातला नाही. धुतलेलं पाणी वाफ्यात न टाकता वेगळ्या कॅनमध्ये साठवतो. वजन 150 ग्रॅमच्या आसपास भरलं तर डबा काम करतोय. कमी भरलं तर छर्रे कुठं गेले ते शोधायचं. लेकीला सराव झाला की साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.

शेजारचे काका म्हणाले, "दादा, ते शिसं दे की. वितळवून जाळ्याला लावतो." त्यांना नाही म्हटलं. चुलीवर शिसं वितळवलं की धूर आणि धूळ घरात बसते, आणि बारक्या पोरांच्या मेंदूला सगळ्यात जास्त इजा त्यानंच होते. बरणी भरली की शिसं घेणाऱ्या भंगारवाल्याला देणार.

कुणाच्या घरी भिंतीवर सराव चालू असेल, तर आधी भिंतीच्या बुडाची माती चाळून छर्रे वेचा. माती परीक्षणाला देताना 'शिसं तपासा' असं वेगळं सांगा, नेहमीच्या रिपोर्टात ते येत नाही. आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत तिथली भाजी खाऊ नका, कोंबड्याही तिकडं सोडू नका.