माठाला घाम फुटू द्या

माठ घडवताना आम्ही कुंभार एकाच भांड्याकडून दोन उलट कामं मागतो. पाणी धरून ठेवायचं आणि थोडं थोडं सोडूनही द्यायचं. गळला तर वाया गेला, आणि पाझरलाच नाही तर पाणी गारच होणार नाही. आमचं सगळं कसब या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात खर्ची पडतं.

सुरुवात मातीपासून होते. मराठवाड्यात काळ्या मातीला तोटा नाही, पण नुसती काळी माती भांड्याला चालत नाही. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि तडकते. म्हणून तळ्याचा गाळ आणायचा, चाळायचा, भिजत घालायचा आणि त्यात राख नि लीद मिसळून पायांनी तुडवायचा. हे तुडवण्याचं काम बहुतेक घरांत बायकाच करत आल्या, पण नाव चाकावर बसणाऱ्याचं झालं. पाहुण्यांना लिदीची किळस येते. खरं तर माठ गार ठेवणारी तीच. भाजताना तिच्यातला काडीकचरा जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं उरतात. गावोगावचे टांगे गेले तशी लीद मिळेना, तेव्हा लाकडाच्या भुशावर काम भागवायला आम्ही शिकलो.

चाकावरून उतरतो तेव्हा माठ ठेंगणा आणि जाड असतो. तो जरा सुकला, की आतून दगडी गोटा धरायचा आणि बाहेरून थापटण्याने ठोकत जायचं. पोट फुगतं, भिंत पातळ होते. हात एके ठिकाणी रेंगाळला तर तिथेच भोक पडतं. तेरचे गोरोबाकाका आमच्या जातीचे. त्यांनी याच थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. रोजच्या कामात मात्र थापटणं ओल्या मडक्यावरच चालतं. भाजलेलं मडकं आम्ही बोटाच्या पेराने वाजवून पाहतो.

कच्च्या-पक्क्याचा निकाल लागतो तो आव्यात. आधी मंद धग, कारण मातीत मुरलेलं पाणी घाईने वाफ झालं तर भांडं फुटतं. मग हळूहळू आच वाढवायची. ५००-६०० अंशांच्या आसपास मातीच्या कणांत बांधलेलं पाणीही निघून जातं. त्यानंतर ती पुन्हा भिजून चिखल होत नाही. आच कमी पडली तर माठ कच्चा राहतो. फार झाली तर छिद्रं मिटत जातात आणि माठ पाझरायचा थांबतो. आमच्याकडे तापमापक नाही. धुराचा रंग आणि फटीतून दिसणारी लाली, एवढ्यावरच ठरवायचं. भरपूर हवा मिळाली तर मातीतलं लोखंड तांबडं होतं, धूर कोंडला तर भांडं काळं पडतं.

ही विद्या आपल्या मुलखात फार जुनी आहे. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. तिथे १९५०-५१ साली उत्खनन झालं, आणि तिथल्या तांबड्या, काळ्या नक्षीच्या भांड्यांना जोर्वे हेच नाव पडलं. तीन हजार वर्षांहून जुनी ती भांडी इतकी नीट भाजलेली, की वाजवली तर धातूसारखा आवाज देतात. घोड नदीकाठच्या इनामगावला तर कुंभाराची भट्टीही सापडली. आवाजाची आमची कसोटी त्यांनाही माहीत असणार, असं मला वाटतं.

पाझरलेलं पाणी बाहेरच्या अंगावर येतं आणि वाळतं. वाळताना दर ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, ती माठातल्या पाण्यातूनच ओढली जाते. हवा जितकी कोरडी, तितकं हे जोरात चालतं. म्हणून विदर्भात मे महिन्यात माठाचं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं. कोकणातल्या दमट हवेत तोच माठ तेवढं काम करत नाही. त्यात कुंभाराचा दोष नसतो.

आता बाजारात तैलरंगाने रंगवलेले, चकचकीत माठ येतात. ते शोभेला बरे. रंगाने छिद्रं बुजली, की ते साध्या हंड्याइतकंच पाणी गार करणार. गिऱ्हाइकाला ओल आवडत नाही म्हणून आमच्यातलेही काही जण रंग फासतात. पोटासाठी करतात, त्यांना नावं ठेवणार नाही. पण तो माठ म्हणून विकू नये.

तेव्हा माठ घेताना बिनरंगाचा घ्या. पेराने वाजवून बघा. आवाज बद्द आला तर कुठेतरी चीर आहे किंवा तो कच्चा आहे. पहिला दिवस पाणी भरून ठेवा आणि ते फेकून द्या. धुताना नुसता काथ्या वापरा, साबण लावू नका. तो छिद्रांत शिरून बसतो. खाली ताटली ठेवा. आणि फरशी ओली झाली म्हणून कुंभाराशी भांडायला येऊ नका; तेवढ्यासाठीच तुम्ही पैसे मोजलेत.