कपड्याची उलटी बाजू

जुना कपडा हातात आला की मी आधी तो उलटा करते. रंग, नक्षी, कंपनीचं नाव हे सगळं नंतर. शिवणीच्या आत किती कापड ठेवलंय, इंटरलॉकच्या मशीनने किती छाटलंय, खालच्या मुडपात किती इंच दडलेत, बगलेत कापड विरलंय का, हे आधी बघायचं. तेवढं बघितलं की हा कपडा दुसऱ्या अंगावर बसवता येईल की नाही आणि बसवायचा तर सुरुवात कुठून करायची, हे बहुतेक ठरून जातं. मापात न बसणारे जुने कपडे घालण्याजोगे करून देणं हे माझं घरून चालणारं काम. नवे कपडेही मी शिवते, पण मन रमतं ते या कामात.

नवी मुंबईतल्या कामोठ्यासारख्या ठिकाणी हे काम कधी संपत नाही. सिडकोने वसवलेल्या या वसाहतीत सातारा, सांगली, कोल्हापूरकडून आलेली कुटुंबं आहेत, मानसरोवर आणि खांदेश्वर स्टेशनांवरून हार्बरची लोकल पकडणारी नोकरदार मंडळी आहेत, एमजीएमच्या कॉलेजांत शिकणारी मुलं-मुली आहेत. घरं लहान, कपाटं त्याहून लहान. मोठ्या जावेचा ड्रेस धाकटीकडे येतो, मामाची पँट भाच्याकडे, शिक्षण संपवून गावी निघालेल्या मुलीचे कुर्ते मागे राहिलेल्या मैत्रिणीकडे. कपडा चांगला असतो म्हणून टाकवत नाही आणि बसत नाही म्हणून घालवत नाही. असे अडकून पडलेले कपडे पिशवीत भरून माझ्याकडे येतात.

पूर्वी अशा कपड्यांची वाट बोहारणीकडे जायची. अजूनही काही घरांतून जाते. एखादं पातेलं नाहीतर डबा देऊन ती साड्या, पँटी घेऊन जायची आणि त्या घासाघिशीत आमच्या आयांची पिढी तरबेज होती. पुढे त्या कपड्यांचं काय होतं, हे घरात कुणी विचारत नसे. ते निवडले जातात, धुतले जातात, उसवलेलं शिवलं जातं, बटणं लागतात, इस्त्री होते आणि ते पुन्हा विक्रीला येतात. दिल्लीच्या रघुबीर नगरात अशा कपड्यांचा मोठा बाजार पहाटेच भरतो. घालण्यापलीकडे गेलेल्या लोकरी कपड्यांचा पानिपतच्या गिरण्यांत पुन्हा धागा होतो आणि त्याची ब्लँकेटं निघतात. जुन्याला पुन्हा अंगाला लागेल असं करणारे हात देशभर आहेत. माझ्याकडे फक्त देणारी आणि घेणारी दोघी ओळखीच्या असतात, आणि म्हणून मला घेणारीचं माप घेता येतं.

माप घ्यायला उभी राहिलेली बाई बहुधा एकच वाक्य बोलते, "ताई, माझं अंगच बेढब आहे हो, काही नीट बसत नाही." हे मला ऐकवत नाही. तयार कपडा कुणा एका माणसाला समोर उभं करून बेतलेला नसतो. तो तक्त्यावरून कापलेला असतो आणि आपल्याकडचे बरेचसे तक्ते अमेरिका-ब्रिटनमधल्या मापांवरून आलेले आहेत. म्हणून छातीला बसलेला कुर्ता खांद्यावरून उतरतो आणि कंबरेला बसलेली पँट टाचेखाली लोळते. भारतीय अंगाला स्वतःचा तक्ता असावा म्हणून केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट ही फॅशनचं शिक्षण देणारी संस्था यांनी 'इंडियासाइझ' हा प्रकल्प हाती घेतला. देशातल्या सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, असा तो बेत. निफ्टचं मुंबईचं केंद्र आमच्या शेजारीच, खारघरला आहे. देशाच्या सरकारला नवा तक्ता करावासा वाटतो, तर चूक तक्त्याची आहे. आपल्या अंगाची नाही. हे मी समोरच्या बाईला आवर्जून सांगते आणि मगच टेप लावते. स्वतःच्या शरीरावर रुसलेल्या बाईचं माप नीट घेताच येत नाही. ती पोट आत ओढते, खांदे पाडते आणि खोटं माप देते.

कपडा घ्यावा की परत द्यावा, हे मी खांद्यावरून ठरवते. कंबर, घेर, बाही, उंची यांत फेरफार करणं सोपं असतं. खांदा मोठा असेल तर बाही काढून तो आत घेता येतो. खांदाच अपुरा असेल तर मात्र कापड आणायचं कुठून? म्हणून थोडा मोठा कपडा कधीही चांगला. दुसरी परीक्षा उजेडाची. कपडा गॅलरीत उजेडासमोर धरायचा. बगलेत, बसण्याच्या जागी, कोपरावर उजेड आरपार दिसला तर कापड विरलेलं आहे आणि त्यावर मारलेली नवी टीप पहिल्या आठवड्यात फाडून निघेल. तिसरी परीक्षा कापडाची. शिवणीतला एक धागा काढून जाळून बघते. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर आक्रसतं आणि त्याची टणक गुठळी होते. हे कळणं गरजेचं आहे, कारण सुती कापडावरची जुनी घडी पाणी आणि इस्त्रीने जाते, पॉलिस्टरमध्ये कडक इस्त्रीने बसलेली घडी सहसा जात नाही.

मग धुणं. नव्या कापडाला आटवून घेतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण जुनं कापड आधीच आटलेलं असणार असं समजून चालत नाही. शिवाय ज्या कपड्यावर हात ठेवून मला तासन्‌तास बसायचंय आणि जो दुसऱ्याच्या अंगाला लागणार आहे, तो स्वच्छ, उन्हात वाळलेला असावा. पावसाळ्यात कामोठ्यात कपडे वाळता वाळत नाहीत, दमट वास धरतात. त्या दिवसांत मी प्रत्येक कपड्यावर इस्त्री फिरवते आणि मगच खडू हातात घेते.

खरं काम उसवण्याचं आहे. लोकांना वाटतं की कात्री आणि मशीन यांतच सगळी कला. माझा अनुभव असा, की कपडा नीट उसवता आला की अर्धं काम झालं. तीन-चार टाके सोडून एकेक टाका कापत जायचं आणि मग मागच्या बाजूने बॉबिनचा दोरा ओढायचा. शिवण आपोआप सुटते, कापडाला इजा होत नाही. उसवताना पहिल्या शिंप्याचं मन वाचता येतं. बाही आधी जोडली की बाजू आधी शिवली, कॉलरच्या आत काय घातलंय, चुण्या कुठे जिरवल्या, हे सगळं क्रमाने उलगडतं. ज्या क्रमाने कपडा सुटला त्याच्या उलट क्रमाने तो पुन्हा जोडायचा, हा माझा पाठ. शिवण क्लासमध्ये ब्राउन पेपरवर आम्ही ब्लाउज, परकर, झबलं कापायला शिकलो. पण बाही मुंढ्यात, म्हणजे ती जोडायच्या गोलाईत, कशी बसते हे मला कळलं ते दुसऱ्यांनी शिवलेले शर्ट उसवून.

पुरुषाचा मोठा शर्ट मुलीच्या मापाचा करायचा हे माझ्याकडे नेहमी येणारं काम. बहुतेक जण दोन्ही बाजूंनी टीप मारून शर्ट आत घेतात. कंबर बसते, पण खांदा तसाच ओघळलेला राहतो आणि मुंढा खूप खाली. मुंढा खाली असला की हात मोकळा राहील असं वाटतं; घडतं उलटंच. खाली असलेल्या मुंढ्याचा शर्ट हात वर केला की सगळाच्या सगळा वर येतो. लोकलमध्ये कडी धरून उभ्या राहणाऱ्या मुलीला हे रोज सोसावं लागतं. म्हणून मी बाह्या काढते, खांदा हाडापर्यंत आत घेते, मुंढा वर उचलून नव्याने कापते, मग बाहीची गोलाई त्या मुंढ्याला जुळवून छाटते. बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा किंचित जास्त ठेवायची आणि टाचताना ती जिरवायची, म्हणजे खांद्यावर चुणी न पडता बाही गोल बसते. शेवटी बाहीच्या तळापासून खालच्या मुडपापर्यंत एकच टीप. आता तो शर्ट वडिलांचा होता हे कापडावरून कळेल, बसण्यावरून कळणार नाही.

पँटीचं गणित वेगळं. कंबर कमी करायची तर बाजूंना हात लावायचा नाही, कारण तिथे खिसे आहेत. ते मागे सरकतात आणि पँट विचित्र दिसते. पुरुषांच्या शिवलेल्या पँटीत मागे, मध्यावर, जादा कापड ठेवण्याची चांगली पद्धत आहे. तिथे पट्टा उघडायचा, शिवण आत घ्यायची, पट्टा पुन्हा जोडायचा. साधारण दोन इंचांपर्यंत हे शोभतं. त्याहून जास्त घेतलं तर मागचे दोन खिसे एकमेकांना भिडायला येतात. जीन्सला सोळा नंबरची सुई लावते, टाका लांब ठेवते आणि जाड शिवणीवर आलं की पाय थांबवून चाक हाताने फिरवते. माझं मशीन पायाचं आहे आणि या कामाला ते मोटरच्या मशीनपेक्षा बरं. एकेक टाका मोजून टाकता येतो. आयझॅक सिंगरने १८५१ साली आपल्या शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या यंत्राला अपवाद मानलं होतं, कारण ते बायकोचे कष्ट कमी करावेत या प्रेमापोटी घडलं असं ते समजत. पायाखाली पावटी हलत असताना मला हे पटतं. हे यंत्र माणसाला हटवत नाही, माणसाच्या हातात राहतं.

घट्ट झालेला कपडा सैल करणं हे सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत सुंदर काम. शिंप्याने शिवलेल्या ब्लाउजमध्ये आत मार्जिन असतं, टीप सोडली की माप वाढतं. तयार कुर्त्यात इंटरलॉकने ते आधीच छाटलेलं असतं. मग नवं कापड घालावं लागतं आणि तिथे आपल्या जुन्या शिवणीची रीत कामी येते. जुन्या पद्धतीच्या कुर्त्यात आजच्यासारखा गोल मुंढा नव्हता. सरळ पट्टे, बाजूला कळ्या, बगलेत चौकोनी तुकडा. कापड वाया जात नसे, हात मोकळा राही आणि अंग भरलं तर कळी रुंद करता येई. आजही घट्ट कुर्त्याला मी बगलेपासून खालपर्यंत कळी घालते आणि बगलेत चौकोन बसवते. कापड त्याच ड्रेसच्या ओढणीतून मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर ठळक वेगळ्या रंगाचं घालते. जवळपासचा रंग शोधून लपवायला गेलं की ते ठिगळ दिसतं. उघडपणे वेगळं घातलं की ती कळी दिसते.

सोडलेली शिवण मागे खूण ठेवते. सुती कापडावर ओला फडका ठेवून वाफ दिली आणि नखाने हलकं घासलं की सुईची भोकं मिटतात. रेशमावर ती राहतात. मुडपातला रंग गडद असतो, बाहेरचा उडालेला. लांबी सोडलेल्या परकरावर, शाळेच्या स्कर्टवर ही रेघ हमखास दिसते. तिच्यावर मी नाडीची पट्टी लावते किंवा रंगीत दोऱ्याने धावदोरा घालते.

काही कपडे मी परत देते. विरलेलं कापड, घामाने कुजलेली बगल, टिकल्यांनी गच्च भरलेला घागरा. त्यांतल्या मऊ सुती कापडाची गोधडी होते आणि तीही मोलाचीच. आपल्याकडे बाळाला पहिल्यांदा जुन्या मऊ कापडाचं झबलं घालतात, आजीच्या लुगड्याचं मिळालं तर अधिकच चांगलं मानतात. दुसऱ्याच्या अंगावरचं कापड कमीपणाचं, असं जे पुढे आपल्या मनात बसतं ते जन्माच्या वेळी तरी नसतं. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडतं, असा डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेचा अंदाज आहे. इतकं पाणी प्यालेलं कापड केवळ खांदा उतरतो म्हणून पडून राहावं, हे मला पटत नाही.

लाज वाटते ती जुन्याची नव्हे, न बसणाऱ्याची. ढगळ शर्टात बुजलेली मुलगी तोच शर्ट मापात आल्यावर ताठ चालते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून माझी एक विनंती आहे. कुणाला कपडे देणार असाल तर ते धुवा, तुटलेलं बटण लावा, जोडीची ओढणी आणि उरलेला तुकडा सोबत ठेवा. घेणारीला तिचं माप विचारा, आणि अल्टरेशनचे पैसे जमलं तर तुम्हीच द्या. आपण स्वतः घालून बाहेर पडू, इतका नीट करूनच कपडा दुसऱ्याच्या हाती द्यावा.